लाळ आटते तेव्हा : शोग्रेन आजार आणि तोंडाच्या कोरडेपणावरील औषधे

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसभरात साधारणपणे अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते आणि तिची दखल कोणी घेत नाही. ती आटू लागली की मात्र घास गिळणे, सलग बोलणे, रात्रभर शांत झोपणे आणि दात शाबूत राखणे या चारही गोष्टी अवघड होऊन बसतात. ऑटोइम्यून आजारांमध्ये, म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटते अशा आजारांमध्ये, ही तक्रार वारंवार आढळते. तिचे सर्वांत ठळक रूप शोग्रेन या आजारात दिसते. या कोरडेपणावर उपयुक्त औषधे उपलब्ध आहेत. परंतु त्यांपैकी कोणते कोणाला लागू पडेल, हे रुग्णाला किती कोरडे वाटते एवढ्यावरून ठरत नाही. त्याच्या लाळग्रंथींमध्ये किती कार्यक्षमता शिल्लक आहे, यावरून ते ठरते. उपचारांचा सारा विचार या एका मुद्द्याभोवती फिरतो.

आजाराची ओळख

स्वीडनमधील नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ मध्ये आपल्या प्रबंधात डोळ्यांचा कोरडेपणा असलेल्या १९ स्त्रियांच्या नोंदी मांडल्या. त्यांतील अनेकींना तोंडाचा कोरडेपणा आणि सांधेदुखीही होती. पुढे हा आजार त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. पूर्वी त्याला ‘सिंड्रोम’ म्हणत. अलीकडे ‘शोग्रेन आजार’ असे म्हणण्याकडे वैद्यकविश्वाचा कल आहे, कारण हा केवळ लक्षणांचा समूह नसून स्वतंत्र, सर्व शरीरावर परिणाम करू शकणारा आजार आहे, हे आता मान्य झाले आहे. टेनिसपटू व्हीनस विल्यम्स यांनी २०११ मध्ये अमेरिकन खुल्या स्पर्धेतून माघार घेताना आपल्याला हा आजार असल्याचे जाहीर केले, तेव्हा सर्वसामान्यांच्या कानांवर हे नाव प्रथमच मोठ्या प्रमाणावर पडले.

या आजारात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी लाळग्रंथी आणि अश्रुग्रंथींमध्ये शिरकाव करतात आणि तेथे दीर्घकाळ दाह सुरू राहतो. रुग्णांमध्ये स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या सुमारे नऊपट असते. निदान बहुधा चाळिशी ते साठीच्या दरम्यान होते. संधिवाताभ आमवात, ल्युपस, स्क्लेरोडर्मा अशा आजारांच्या जोडीनेही तो आढळतो. त्यामुळे आमवाताच्या एखाद्या जुन्या रुग्णाने तोंड कोरडे पडत असल्याचे सांगितले, तर ते वयावर किंवा ताणावर ढकलून देणे योग्य नाही.

लक्षणे साधीच असतात. पाण्याच्या घोटाशिवाय कोरडे बिस्किट किंवा पोळीचा तुकडा गिळता येत नाही. बोलता बोलता जीभ टाळूला चिकटते. रात्री पाण्यासाठी दोन-तीनदा उठावे लागते. तिखट सोसत नाही आणि चव बदलते. दंतवैद्याच्या प्रत्येक भेटीत हिरडीलगत नवी कीड सापडते. यांपैकी शेवटची खूण कित्येकदा सर्वांत आधी दिसते. म्हणून या आजाराचा पहिला संशय दंतवैद्याला येणे अगदी शक्य असते.

लाळेचे काम आणि औषधांचे तत्त्व

लाळ म्हणजे निव्वळ पाणी नव्हे. तिच्यातील बायकार्बोनेट तोंडातील आम्ल निष्प्रभ करते. कॅल्शियम आणि फॉस्फेट दातांच्या आवरणाची झीज भरून काढतात. म्युसिन हे चिकट प्रथिन गालांच्या आणि जिभेच्या अस्तरावर संरक्षक थर धरते. लायसोझाइम, लॅक्टोफेरिन आणि प्रतिपिंडे जिवाणू व बुरशी यांना आटोक्यात ठेवतात. वारंवार पाणी पिऊन कोरडेपणा का भागत नाही, याचे उत्तर येथे मिळते. पाणी ओलावा देते. उरलेली कामे ते करू शकत नाही, आणि अती प्यायल्यास म्युसिनचा उरलासुरला थरही धुवून नेते.

कानांच्या खालच्या दोन, जबड्याखालच्या दोन आणि जिभेखालच्या दोन अशा सहा मोठ्या ग्रंथी, तसेच ओठ, गाल व टाळू यांतील शेकडो लहान ग्रंथी मिळून लाळ तयार करतात. मज्जातंतूंच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन हा रासायनिक दूत स्रवतो. तो ग्रंथींच्या पेशींवरील मस्कारिनिक ग्राहकांना, विशेषतः ‘एम-३’ या प्रकाराला, जाऊन मिळतो. त्यानंतर पेशीत कॅल्शियमची पातळी वाढते आणि क्षार व पाणी बाहेर पडू लागते. शोग्रेन आजारात काही पेशी नष्ट होतात. पण काही जिवंत राहूनही दाहामुळे मूक झालेल्या असतात. लाळ वाढवणारी औषधे या मूक पेशींना अधिक जोराने हाक देतात. जेथे हाक ऐकणाऱ्या पेशीच उरलेल्या नाहीत, तेथे त्या औषधांचा काही उपयोग नसतो.

आधी मोजमाप, मग औषध

कोरडे वाटणे आणि लाळ प्रत्यक्ष कमी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काहींची लाळ मोजणीत पुरेशी भरते, तरी तोंड कोरडे वाटते; काहींची लाळ निम्म्यावर येईपर्यंत त्यांना पत्ताही लागत नाही. म्हणून मोजणी महत्त्वाची. ती सोपी आणि वेदनारहित असते. रुग्णाने काही वेळ न खाता-पिता शांत बसायचे आणि तोंडात आपोआप जमणारी लाळ ठरावीक मिनिटे एका भांड्यात सोडायची. मिनिटाला ०.१ मिलिलिटर किंवा त्याहून कमी लाळ भरली, म्हणजे १५ मिनिटांत जेमतेम दीड मिलिलिटर, तर ती गंभीर घट मानली जाते. अमेरिकी आणि युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी २०१६ मध्ये ठरवलेल्या शोग्रेनच्या वर्गीकरण-निकषांत हीच मर्यादा आहे. त्यानंतर मेण किंवा गम चघळायला देऊन, म्हणजे ग्रंथींना चालना देऊन, पुन्हा मोजणी करतात. चालना दिल्यावर लाळ वाढली, तर ग्रंथींमध्ये जीव शिल्लक आहे असे समजावे.

युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या ‘युलार’ या संघटनेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत उपचारांची पायरी याच मोजमापावरून ठरवली आहे. घट सौम्य असेल तर औषधाविना चालना द्यावी : साखरविरहित गम, साखरविरहित गोळ्या, झायलिटॉल. घट मध्यम असेल तर पिलोकार्पिन किंवा सेव्हिमेलिन यांचा विचार करावा. ग्रंथी जवळपास निकामी झाल्या असतील तर कृत्रिम लाळ वापरावी. कोणत्याही संधिवाततज्ज्ञाशी बोलताना या तीन पायऱ्या ध्यानात ठेवल्या, तर संवाद सोपा होतो.

पिलोकार्पिन : जुने झाड, नवा उपयोग

पिलोकार्पिनचा उगम ब्राझीलमधील पिलोकार्पस या झुडपाच्या पानांत आहे. तेथील मूळ रहिवासी या वनस्पतीला ‘जाबोरांदी’ म्हणत. या तुपी शब्दाचा अर्थच ‘लाळ गाळायला लावणारे’ असा सांगितला जातो. १८७५ मध्ये फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये स्वतंत्रपणे त्यातील क्रियाशील अल्कलॉइड वेगळे करण्यात आले. पुढील शतकभर त्याची ओळख प्रामुख्याने काचबिंदूवरील थेंब अशीच राहिली. तोंडावाटे घ्यायच्या गोळीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९४ मध्ये प्रथम मान्यता दिली, ती डोके व मानेच्या कर्करोगासाठी किरणोपचार झालेल्या रुग्णांपुरती. शोग्रेनच्या रुग्णांसाठी ही मान्यता १९९८ मध्ये मिळाली. ‘सॅलाजेन’ हे तिचे मूळ व्यापारी नाव. आता जेनेरिक गोळ्याही मिळतात.

नेहमीची मात्रा ५ मिलिग्रॅम, दिवसातून चार वेळा. गोळीचा परिणाम साधारण वीस मिनिटांत सुरू होतो, तासाभरात शिगेला पोहोचतो आणि तीन ते पाच तास टिकतो. त्यामुळे जेवणाच्या किंवा दीर्घ बैठकीच्या अर्धा तास आधी ती घेण्याची वेळ जुळवता येते. भरपूर तुपातेलाच्या जेवणासोबत घेतल्यास ती शरीरात हळू शोषली जाते. पूर्ण गुण दिसायला सहा आठवडे लागू शकतात. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३७३ रुग्णांवरील १२ आठवड्यांच्या चाचणीत ५ मिलिग्रॅमची मात्रा घेणाऱ्यांच्या तोंडाच्या आणि डोळ्यांच्या कोरडेपणात प्लासिबोच्या तुलनेत स्पष्ट सुधारणा दिसली, २.५ मिलिग्रॅमने तसा परिणाम साधला नाही. सवय व्हावी म्हणून अनेक डॉक्टर दिवसाला एका गोळीने सुरुवात करून हळूहळू मात्रा वाढवतात. अशा वेळी पहिल्याच आठवड्यात ‘काही उपयोग नाही’ असे ठरवून गोळी सोडून देणे घाईचे ठरते. उलट, पूर्ण मात्रेवर दोन-तीन महिने जाऊनही फरक पडला नाही, तर ती थांबवावी, असा ब्रिटनमधील प्रचलित सल्ला आहे.

मुख्य दुष्परिणाम म्हणजे घाम. अमेरिकेतील अधिकृत माहितीपत्रकानुसार पूर्ण मात्रा घेणाऱ्या शोग्रेनच्या सुमारे ४० टक्के रुग्णांना तो जाणवला. प्लासिबो घेणाऱ्यांत हे प्रमाण ७ टक्के होते. वारंवार लघवीला जाणे, चेहरा लाल होणे, मळमळ, जुलाब, हुडहुडी हेही संभवते. आखाती देशांच्या उन्हाळ्यात ही गोळी घेणाऱ्यांनी पाण्याचे प्रमाण जाणीवपूर्वक वाढवले पाहिजे. घामावाटे जाणारे पाणी भरून निघाले नाही तर शरीर कोरडे पडते आणि मूळ त्रासात भरच पडते.

सेव्हिमेलिन : थोडे अधिक नेमके

दुसरे औषध सेव्हिमेलिन. त्याचा जन्म इस्रायलमधील एका संशोधनसंस्थेत अल्झायमरवरील औषधाच्या शोधात झाला. स्मृतीसाठी ते अपेक्षेइतके उपयोगी ठरले नाही. लाळेसाठी मात्र उपयोगी पडले. अमेरिकेत २००० मध्ये शोग्रेनच्या रुग्णांतील तोंडाच्या कोरडेपणासाठी त्याला ‘इव्होझॅक’ या नावाने मान्यता मिळाली. मात्रा ३० मिलिग्रॅमची कॅप्सूल, दिवसातून तीन वेळा.

हे औषध ‘एम-१’ आणि ‘एम-३’ या ग्राहकांकडे अधिक झुकते. हृदयावरील ‘एम-२’ ग्राहकाला ते तुलनेने कमी स्पर्श करते, असे मानले जाते. त्याचे अर्धायुष्य सुमारे पाच तासांचे, तर पिलोकार्पिनचे एका तासाच्या आसपास आहे. त्यामुळे त्याचा परिणाम अधिक सलग राहतो आणि दिवसातील एक खेप वाचते. माहितीपत्रकातील आकड्यांनुसार अतिघामाचे प्रमाण १८.७ टक्के, तर मळमळीचे १३.८ टक्के होते. दोन औषधांचे हे आकडे वेगवेगळ्या चाचण्यांतले असल्याने त्यांची थेट बरोबरी करता येत नाही. तरीही एकाने फार घाम येत असेल, तर दुसरे वापरून पाहण्यास जागा आहे. सेव्हिमेलिनचे विघटन यकृतातील ‘सीवायपी-२डी६’ आणि ‘सीवायपी-३ए४’ या विकरांद्वारे होते. फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन अशी काही नैराश्यावरील औषधे पहिल्या विकराला अडवतात. त्यामुळे सेव्हिमेलिनची रक्तातील पातळी वाढू शकते.

देश बदलला की उपलब्धताही बदलते. अमेरिका आणि जपान येथे दोन्ही औषधे मिळतात. ब्रिटन आणि युरोपीय संघात सेव्हिमेलिनला परवाना नाही. तेथे पिलोकार्पिन हाच मुख्य पर्याय. अमेरिकेतून लंडनला बदली झालेल्या रुग्णाने हे आधीच लक्षात घेऊन नव्या डॉक्टरांशी पर्यायी मात्रा ठरवणे इष्ट.

कोणी ही औषधे टाळावीत

ही दोन्ही औषधे केवळ लाळग्रंथींवर काम करून थांबत नाहीत. श्वासनलिका, डोळा, हृदय, पित्ताशय, मूत्रमार्ग या सर्व ठिकाणी त्यांचा परिणाम पोहोचतो. म्हणून आटोक्यात नसलेला दमा, डोळ्यातील बुबुळाचा तीव्र दाह आणि अरुंद कोनाचा काचबिंदू असलेल्यांना ती देत नाहीत. हृदयविकार, जुनाट श्वसनविकार, पित्ताशयातील खडे किंवा मूतखडे असल्यास सावधगिरी लागते. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांच्या हृदयातील विद्युतसंदेशांत अडथळा येण्याची शक्यता असते. यकृताचा आजार असल्यास पिलोकार्पिनची मात्रा कमी करावी लागते. दोन्ही औषधांमुळे दृष्टी काही काळ धूसर होऊ शकते, विशेषतः कमी प्रकाशात. रात्री लांबचा पल्ला गाडीने गाठणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

कृत्रिम लाळ : मर्यादित, तरीही उपयोगी

फवारे, जेल, गुळण्यांची द्रावणे आणि चघळण्याच्या गोळ्या या रूपांत कृत्रिम लाळ मिळते. तिच्यात कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, झँथन गम, ग्लिसरीन किंवा म्युसिन यांसारखे ओलावा धरणारे घटक असतात. ती लाळ निर्माण करत नाही. तात्पुरता थर देते. २०११ मधील कॉक्रेन आढाव्यात ३६ चाचण्या आणि १,५९७ रुग्णांची माहिती तपासण्यात आली. कोणतेही एक स्थानिक उत्पादन निर्विवादपणे परिणामकारक असल्याचा भक्कम पुरावा त्यात मिळाला नाही. म्हणून महागडे उत्पादन अधिक चांगले, असे गृहीत धरू नये. दोन-तीन प्रकार थोडे थोडे वापरून स्वतःला मानवेल ते निवडावे. जेल दाट असल्याने झोपण्यापूर्वी सोयीचे, तर फवारा कार्यालयात सुटसुटीत. हिरडीला चिकटून हळूहळू विरघळणाऱ्या झायलिटॉलच्या चकत्याही रात्री उपयोगी पडतात.

वेष्टनावरील दोन गोष्टी मात्र आवर्जून वाचाव्यात. पहिली आम्लता. दाताचे आवरण साधारण ५.५ पेक्षा कमी सामूला विरघळू लागते. काही फवारे आणि गोळ्या आम्लधर्मी असतात. स्वतःचे दात असलेल्यांनी त्या टाळाव्यात. दुसरी गोष्ट घटकांचे मूळ. ब्रिटनमध्ये मिळणाऱ्या ‘एएस सलिव्हा ऑर्थाना’ या फवाऱ्यातील म्युसिन डुकराच्या जठरापासून मिळवलेले असते, आणि कॅप्सूलची आवरणे बहुधा जिलेटिनची असतात. शाकाहारी कुटुंबांनी औषधविक्रेत्याला विचारले, तर सेल्युलोजवर आधारित पर्याय मिळू शकतो. ब्रिटनमध्ये या आजाराच्या रुग्णांना काही प्रकारची कृत्रिम लाळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. अमेरिकेत मात्र अशी बरीच उत्पादने चिठ्ठीविना, स्वखर्चाने घ्यावी लागतात. घरात कुत्रा असल्यास झायलिटॉलची डबी त्याच्या आवाक्याबाहेर ठेवावी. माणसाला निरुपद्रवी असलेला हा पदार्थ कुत्र्यासाठी विषारी आहे.

ब्रोमहेक्सिन हे खोकल्याच्या औषधांतून भारतीयांना परिचित असलेले कफ पातळ करणारे द्रव्य, तसेच एन-ॲसिटिलसिस्टिन, यांचाही वापर काही डॉक्टर करतात. मुख्य औषधे सोसत नसतील अशा वेळचा तो दुय्यम मार्ग असून त्यामागचा पुरावा तोकडा आहे.

कोरडेपणा वाढवणारी औषधे

नवे औषध सुरू करण्यापूर्वी जुन्या औषधांची यादी तपासणे ही सर्वांत स्वस्त आणि कित्येकदा सर्वांत फलदायी पायरी असते. ॲसिटिलकोलीनला अडवणारी औषधे पिलोकार्पिन व सेव्हिमेलिन यांच्या नेमकी विरुद्ध दिशेने काम करतात. ॲमिट्रिप्टिलिन हे त्यांतले महत्त्वाचे नाव. ऑटोइम्यून आजारांत दुखणे आणि झोपेसाठी ते सर्रास लिहून दिले जाते. मूत्राशयाच्या घाईवरील ऑक्सिब्युटिनिन, झोपेच्या चिठ्ठीविना मिळणाऱ्या गोळ्यांतील डायफेनहायड्रामिन, आणि सुट्टीवरून परतताना भारतातून आणलेल्या सर्दीच्या गोळ्यांतील क्लोरफेनिरामिन हीदेखील याच वर्गात मोडतात. एका हाताने लाळ वाढवायची आणि दुसऱ्या हाताने आटवायची, असा प्रकार नकळत घडू शकतो. यांतील कोणतेही औषध परस्पर बंद करू नये. पर्याय आहे का, हे मात्र अवश्य विचारावे.

दात आणि बुरशी : दुर्लक्ष महागात पडणाऱ्या दोन बाबी

तोंड ओले वाटू लागले म्हणजे दात सुरक्षित झाले, असे नाही. फ्लोराइडचा वापर हा या आजारातील सर्वांत दृढ पुरावा असलेल्या उपायांपैकी एक आहे. अमेरिकेतील शोग्रेन फाउंडेशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तोंड कोरडे पडणाऱ्या सर्व शोग्रेन रुग्णांसाठी त्याची शिफारस आहे. साध्या टूथपेस्टमध्ये साधारण १,००० ते १,५०० पीपीएम फ्लोराइड असते. दंतवैद्याच्या चिठ्ठीवर ५,००० पीपीएमची पेस्ट मिळते. ती वापरल्यानंतर पाण्याने खळखळून गुळण्या करू नयेत, फक्त थुंकावे. जोडीला दंतवैद्याकडून फ्लोराइड व्हार्निशचा लेप घेता येतो. अमेरिकेत दंतविमा आरोग्यविम्याहून बहुधा वेगळा असल्याने निदान होताच त्याची मर्यादा तपासून घ्यावी. कारण पुढील वर्षांत खर्चाचा मोठा भाग दातांवरच होण्याचा संभव असतो.

लाळ कमी झाली की कँडिडा ही बुरशी डोके वर काढते. दर वेळी पांढरे चट्टे दिसतीलच असे नाही. या रुग्णांत लालसर, आग होणारी जीभ आणि ओठांचे कोपरे फाटणे ही लक्षणे अधिक दिसतात. तिखटाने आग होते म्हणून रुग्ण मिरची सोडतो, पण बुरशी तशीच राहते. तिच्यावर निस्टॅटिन, क्लोट्रिमाझोल किंवा फ्लुकोनाझोल देतात. निस्टॅटिनच्या अनेक द्रावणांत आणि क्लोट्रिमाझोलच्या चघळण्याच्या गोळ्यांत साखर असते, हे दातांच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे. वॉरफेरिन घेणाऱ्यांनी मायकोनाझोल जेल तोंडात वापरल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो.

मूळ आजारावरील औषधांनी लाळ परत येते का?

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध सांधेदुखी व त्वचेच्या तक्रारींसाठी वापरले जाते. परंतु फ्रान्समधील १२० रुग्णांवरील, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २४ आठवड्यांनंतर कोरडेपणा, वेदना आणि थकवा या तिन्हींबाबत ते प्लासिबोपेक्षा सरस ठरले नाही. रिटुक्सिमॅबची ब्रिटनमधील १३३ रुग्णांवरील चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीतही थकवा आणि तोंडाचा कोरडेपणा यांत अपेक्षित सुधारणा दिसली नाही.

नव्या औषधांबाबत आशा वाढली आहे. २०२५ मध्ये इआनालुमॅब या प्रतिपिंडाच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचण्यांनी मुख्य उद्दिष्ट गाठल्याचे नोव्हार्टिस कंपनीने जाहीर केले. मात्र अशी बातमी वाचताना कोणते उद्दिष्ट, हा प्रश्न विचारायला हवा. या चाचण्यांचा मुख्य मापदंड ‘एसडाय’ हा निर्देशांक होता. तो सांधे, फुप्फुसे, मूत्रपिंड, मज्जातंतू, रक्त अशा अवयवांतील आजाराची तीव्रता मोजतो. तोंडाचा कोरडेपणा त्यात मोजला जात नाही. आजाराची धग कमी होणे महत्त्वाचेच आहे, परंतु वर्षानुवर्षे मृत झालेली ग्रंथी त्यामुळे पुन्हा पाझरू लागेल, अशी अपेक्षा तूर्त धरता येत नाही. ग्रंथींमध्ये जीव असतानाच निदान होण्याचे मोल म्हणूनच मोठे.

मराठी स्वयंपाकघर आणि घरगुती उपाय

आंबट पदार्थ लाळ सुटण्यासाठी प्रसिद्ध आहेत. लिंबाची फोड, चिंच, आमसूल, आवळा सुपारी तोंडात धरण्याचा मोह त्यामुळेच होतो. जेवणातील आमसुलाचे सार निराळे आणि दिवसभर आवळा चघळत राहणे निराळे. लाळेचे संरक्षण नसलेल्या दातांवर सततचे आम्ल वेगाने परिणाम करते. साखरेचा लेप दिलेली बडीशेप आणि गोड मुखवास यांबाबतही तेच. साखर किती खाल्ली, यापेक्षा ती दिवसातून किती वेळा तोंडात आली, हे किडीसाठी अधिक महत्त्वाचे. साखर घातलेला चहा तासभर घोट घोट घेत राहण्यापेक्षा एका बैठकीत संपवलेला बरा. बिनसाखरेची बडीशेप किंवा वेलदोड्याचा दाणा चघळायला हरकत नाही. तंबाखू आणि सुपारी मात्र पूर्ण वर्ज्य.

घशाला आराम म्हणून ज्येष्ठमधाची कांडी चघळण्याची पद्धत घरोघरी आहे. शोग्रेनच्या रुग्णांनी तिच्याबाबत विशेष सावध राहावे. ज्येष्ठमधातील ग्लिसरायझिन दीर्घकाळ पोटात गेल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. शोग्रेन आजारात काहींच्या मूत्रपिंडातील नलिका बाधित होऊन पोटॅशियम आधीच कमी झालेले असते. दोन्ही कारणे एकत्र आली तर स्नायू दुर्बल होणे आणि हृदयाचे ठोके बिघडणे, इथपर्यंत मजल जाऊ शकते.

आहारात कोरडी भाकरी किंवा चकलीपेक्षा मऊ भात-वरण, ताकातली कालवण, खिचडी, पातळ आमटीत कुस्करलेली पोळी हे सुसह्य. निर्जळी उपवास टाळावेत, आणि एरवीचा उपवासही औषधांच्या वेळा सांभाळूनच करावा. हीटरने तापवलेल्या किंवा एअर कंडिशनरने गार केलेल्या खोलीत हवा कोरडी होते. झोपण्याच्या खोलीत आर्द्रता वाढवणारे यंत्र लावल्यास रात्रीचा त्रास कमी होतो. अल्कोहोलयुक्त माउथवॉश वापरू नये.

डॉक्टरांच्या भेटीपूर्वी

भेटीला जाताना चिठ्ठीविना घेतलेल्या आणि भारतातून आणलेल्या गोळ्यांसह सर्व औषधांची यादी सोबत असावी. दमा, काचबिंदू, हृदयविकार, खडे यांचा पूर्वेतिहास आठवून सांगावा. आणि तीन प्रश्न नेमके विचारावेत : माझी लाळ मोजता येईल का? ग्रंथींमध्ये किती कार्यक्षमता शिल्लक आहे? औषधाचा उपयोग होतो की नाही, हे कोणत्या तारखेला ठरवायचे?

एका खुणेबाबत मात्र पुढच्या भेटीची वाट पाहू नये. कानाखालची ग्रंथी एका बाजूला सुजून टणक झाली आणि सूज आठवडे उलटूनही उतरली नाही, किंवा विनाकारण वजन घटू लागले, ताप आणि रात्री घाम येऊ लागला, तर तत्काळ तपासणी करावी. शोग्रेनच्या सुमारे ५ टक्के रुग्णांत पुढे लिम्फोमा हा कर्करोग उद्भवतो आणि त्याची सुरुवात बऱ्याचदा लाळग्रंथीतच होते. पिलोकार्पिन घेणाऱ्याला येणारा घाम दिवसा, गोळीनंतर तासाभरात येतो. अंथरूण भिजवणाऱ्या रात्रीच्या घामाचे खापर गोळीवर फोडू नये.

सध्या उपलब्ध असलेली औषधे आजार बरा करत नाहीत. उरलेल्या ग्रंथींकडून शक्य तेवढे काम करवून घेतात. योग्य रुग्णाला, योग्य मात्रेत आणि वेळेवर मिळाली, तर पाण्याच्या पेल्याविना एक जेवण, मध्येच न थांबता एक भाषण आणि एका झोपेत एक रात्र एवढे ती निश्चित परत देऊ शकतात.